दुबार फवारलेली पट्टी

म्हाळसाआत्या करकंबहून निघाल्याचा फोन आला आणि वाघमोडे वस्तीवर दोन चुलींवर एकाच वेळी पुरणाची डाळ शिजायला पडली. एक चूल थोरल्या बिरप्पाआप्पांची, दुसरी धाकट्या धनाजीतात्यांची. मधे अंगण, अंगणात लिंबाचं झाड आणि दोन्ही घरांत वीस वर्षांचा अबोला. तोही पुरता अबोला नव्हता. भांडायला लागेल तेवढं दोघे भाऊ एकमेकांशी बोलत असत.

आत्या या दोघांची थोरली बहीण. तिचा निवाडा दोघांनाही मान्य असायचा, कारण आजवर तिने एकही निवाडा दिलेला नव्हता. ती यायची, दोन्हीकडची गाऱ्हाणी ऐकायची, "देवाला काळजी" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी एसटीने परत जायची. असा न्यायाधीश कुणाला नको असतो?

बिरप्पाआप्पांची सून पूनम पुरण वाटत होती, पण तिचं लक्ष खिडकीतून बाहेर होतं. तिथून दोन्ही भावांचा मका दिसायचा. कमरेएवढा, हिरवागार. आणि त्या हिरव्याच्या बरोबर मधोमध, बांधाच्या दोन्ही अंगांना, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पिवळी करपलेली पट्टी. सडकेने जाणारा माणूस मोटारसायकल थांबवून बघायचा आणि विचारायचा, "हितनं रस्ता निगालाय का काय?"

पट्टी का करपली ते साऱ्या वस्तीत एकट्या पूनमला नीट माहीत होतं. म्हणूनच आज पुरणात वेलदोडा दोनदा पडला.

त्याचं असं झालं होतं. धनाजीतात्यांची रुपाली सोलापूरला चिंचोळी एमआयडीसीत एका शेडमध्ये विमानं बनवायची. सोबत अक्कलकोटचा सोमशेखर. बॅटरीवर चालणारी, आत माणूस न बसणारी विमानं. एकदा रान दाखवून दिलं की आपली आपण जाणार, काम उरकणार आणि आपली आपण परत येणार. घरातल्या पुरुषांपैकी एकाकडूनही आजवर असं काम झालं नव्हतं, त्यामुळे त्यांचा आधी या विमानांवर विश्वास बसेना आणि मग त्यांना रागच आला. विमानं दोन जातींची होती. फवारणीचं धाकटं, त्याला टिटवी म्हणायचे. ते जागच्या जागी वर उठायचं. माल वाहणारं थोरलं, ती घार. जवळच्या नातेपुत्याहून डाळिंबं सोलापूरला न्यायची आणि येताना औषधं आणायची, असा तिचा बेत होता. पण घारीला पंख होते, आणि पंखवाल्या जिवाला उडण्याआधी पळावं लागतं. पळायला एक सरळ, लांब, मोकळी पट्टी हवी होती.

ती पट्टी वाघमोड्यांच्या रानातच निघू शकत होती. एका बाजूला कॅनॉल, दुसऱ्या बाजूला विजेच्या तारा, त्यामुळे नेमकी दोघा भावांच्या मधून, बांध धरून. रुपालीने बापाला विचारलं. बाप म्हणाला, "दे म्हन की दादाला, त्येच्या अंगानं." मग तिने चुलत्याला विचारलं. चुलता म्हणाला, "लेक कुनाची? मग रान बी त्येच्याच अंगानं घ्यावं." दोघांनीही घारीला मनापासून आशीर्वाद दिले, रान मात्र भावाचं दिलं.

या पट्टीवर पूनमचंही सगळं टांगलेलं होतं. विमानांचा तळ इथं झाला तर तो तिने चालवायचा, असं ठरलं होतं. रुपालीच्या मागे लागून तिने ही विमानं उडवायचं शिक्षण घेतलं होतं, परीक्षा दिली होती, परवाना मिळवला होता. तळ इथं नाही झाला तर सोमशेखरच्या मावशीने, काशम्मांनी, अक्कलकोटकडचा आपला माळ देऊ केला होता. मग टिटवी जाणार, घार येणारच नाही, आणि पूनमने परवाना डब्यात ठेवून म्हशीची धार काढायची. म्हशीशी तिचं वैर नव्हतं. पण बारा वर्षं धार काढून झाल्यावर आपल्याला आणखी काही येतं हे माणसाला कळलं, की पुन्हा फक्त धार काढणं जड जातं.

आता राहिली फवारणी. टिटवीला रान दाखवायचं म्हणजे एक काठी घेऊन हद्दीवरून चालायचं. काठीच्या टोकाला यंत्र, आणि काठी जिथून जाईल तिथून टॅबवर रेघ उमटणार. टिटवी त्या रेघेच्या आत फवारणार, बाहेर थेंब टाकणार नाही. तणनाशक मारायच्या दिवशी रुपाली सोलापुरात होती, टॅब पूनमच्या हातात होता. आधी आप्पा चालले. कळप विकून वर्षं झाली तरी आप्पांच्या हातात काठी आली की पाय आपोआप मेंढरामागचे होतात. झपाझप चालत ते बांधापाशी आले, थबकले, इकडेतिकडे बघितलं आणि बांध ओलांडून तात्यांच्या मक्यात शिरून चालू लागले. त्यांच्या मते खरी हद्द तिथंच होती. तात्यांनी बांध कोरून कोरून अलीकडे सरकवला होता, त्याला ते काय करणार?

दुपारून तात्या चालले. बांधापाशी आले, थबकले आणि आप्पांच्या मक्यात शिरले. त्यांच्याही मते खरी हद्द तिथंच होती.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. बांध कोरूनही भरत नाही, पण वाघमोड्यांत कुणाला ते पटलेलं नव्हतं.

टॅबने दोन्ही रेघा बघितल्या आणि सभ्यपणे विचारलं, 'दोन शेतांच्या हद्दी एकमेकींत आल्या आहेत. मधल्या भागावर दोनदा फवारणी होईल. पुढे जायचं?' पूनमने मान वर केली. एकीकडून आप्पा ओरडत होते, "चालू कर की!" दुसरीकडून तात्या ओरडत होते, "कशाची वाट बगतीस?" दोनदा तणनाशक बसलं तर मका करपणार हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती गप्प बसली, कारण गप्प बसण्याचा तिला बारा वर्षांचा सराव होता. तिने 'होय' दाबलं.

आत्या वडापच्या जीपमधून उतरली ती थेट रानात गेली. दोन्ही दारांत पाय धुवायला तांब्ये घेऊन उभी असलेली माणसं तशीच उभी राहिली. जळक्या पट्टीतून ती सावकाश त्या टोकाला गेली आणि सावकाश परत आली. मग लिंबाखालच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तिने पिशवीतून आपली बाटली काढली आणि आपलंच पाणी प्याली. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, हे तिला कुणी नव्याने शिकवायला नको होतं.

सगळे जमले. रुपाली आणि सोमशेखर सकाळीच सोलापूरहून आले होते. आप्पांचा मुलगा, पूनमचा नवरा बिरुदेव, पांढरे कपडे घालून आला. त्याला पंचायत समितीला उभं राहायचं होतं आणि त्या दृष्टीने तो रोज थोडा थोडा उभा राहत होता. टिटवी पहिल्यांदा उडाली तेव्हा 'आमच्या भगिनीची गगनभरारी' असा फ्लेक्स त्याने नातेपुत्याच्या चौकात लावला होता. त्यावर भगिनीपेक्षा त्याचा फोटो मोठा होता. पट्टी करपली त्याच दिवशी तो फ्लेक्स वाऱ्याने पडला, असं तो सांगायचा.

"बोला," आत्या म्हणाली.

"बोलायचं काय त्यात?" आप्पांनी सुरुवात केली. "डोळ्यानं दिसतंय की. मशिननं पीक जाळलं. उद्या घरावर फवारंल. उचला म्हनावं हितनं आन जा."

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. आप्पा 'दिवस' म्हणाले की तात्यांनी 'रात' म्हणायचं, अशी वस्तीची रीत होती. शिवाय मशीन लेकीचं. पण तात्या बराच वेळ मिशी ओढत राहिले. पूनमला त्यांच्या कपाळावर त्यांचा हिशेब लख्ख दिसत होता. मशीन बरोबर म्हणावं तर चूक माणसाची ठरते. माणसं दोनच चालली होती, आणि त्यातलं एक आपण.

"दादा म्हंतोय त्ये बरूबर हाय," तात्या म्हणाले. "मशिनच चुकलं."

वीस वर्षांनी दोघा भावांचं एकमत झालं होतं! आप्पांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. बिरुदेवने घाईघाईने मोबाइल काढून दोघांचा एकत्र फोटो घेतला. रुपाली बापाकडे बघतच राहिली.

"तात्या," ती म्हणाली, "तुमी काय बोलताय? मशिन माजं हाय."

"म्हनूनच म्हंतो. आपल्या मानसाची चूक आपून पदरात घ्यावी."

"मग बगा." रुपालीने टॅब आत्यासमोर धरला. "ही निळी रेग आप्पांची. ही तांबडी तात्यांची. मदला पट्टा दोगांनीबी आपला म्हनून दावलाय. टिटवीनं दोगांचंबी ऐकलं."

"रेग तुज्या मशिननं काडली," आप्पा म्हणाले.

"काटी तुमच्या हातात हुती."

"काटीच वाकडी आसंल," तात्यांनी भावाची बाजू घेतली. आता त्यांना त्याची गोडी लागली होती.

"काठी सरळ आहे ओ काका," सोमशेखर न राहवून बोलला. "माणूस वाकडा चालला की काय करायचं तिनं?"

झालं! परक्या माणसाने तोंड उघडलं म्हटल्यावर दोन्ही भाऊ आणि बिरुदेव एकदम उठले. "आमच्या वस्तीवर यून आमाला वाकडं म्हंतो?" "न्या तुमचं मशिन तुमच्या अक्कलकोटाला!" "आत्ताच्या आत्ता भरा टेम्पोत!" सोमशेखरही तापला. "नेतोच की! आमची काशम्मा केव्हापासून म्हणतेय, ये म्हणून. रुपाली, चल. हे लोक रान देत नाहीत, नुसतं भांडण देतात."

रुपाली खरोखरच उठली. तिने टॅब पिशवीत टाकला. दारात उभ्या पूनमला टेम्पोत चढणारी टिटवी स्पष्ट दिसली, आणि उद्या पहाटेची म्हैसही दिसली.

"थांब पोरी," आत्या म्हणाली. "मला एक सांग. दोगं एकाच जागंला आपली म्हंत्यात, यवढं तुज्या मशिनला कळलं न्हाय? साधं मेंढरू दुसऱ्याच्या रानात शिरताना मागं वळून बगतं."

रुपाली हळूच म्हणाली, "कळतं आत्या. आसं आसलं की त्ये इचारतं."

"मग इचारलं का न्हाय?"

रुपालीने पूनमकडे बघायचं टाळलं, आणि त्या टाळण्यावरूनच पूनमला कळलं की हिला सारं माहीत आहे. टॅबमध्ये सगळं दिसत असणार. दिसत असून दोन आठवडे ही पोरगी शिव्या खात होती आणि वहिनीचं नाव घेत नव्हती. पूनमला भरून आलं. लाजही वाटली.

"इचारलं," पूनम दारातून म्हणाली. "मला इचारलं."

सासऱ्यासमोर चार माणसांत ती पहिल्यांदाच बोलत होती. आप्पांनी मान वळवून, हा आवाज कुणाचा, असं बघितलं.

"आन तू काय केलंस?" आत्याने विचारलं.

"मी व्हय म्हनलं."

"येडी का खुळी तू?" बिरुदेव ओरडला. "पीक जळंल ह्ये म्हाईत न्हवतं?"

"म्हाईत हुतं की."

"मग न्हाय म्हनायला काय झालतं?"

पूनमने पदर सावरला. "आप्पा म्हनले हद्द हितं. तात्या म्हनले हद्द तितं. दोगंबी मोटे. न्हाय म्हनलं तर कुनाला तरी खोटं पाडल्यावानी झालं आसतं. ह्या घरात आले तवापासनं मला येकच शिकवलंय, मोटी मानसं म्हंत्याल त्याला व्हय म्हनायचं. मी दोगांलाबी व्हय म्हनलं."

आप्पा चप्पल बघू लागले, तात्या लिंबाचा शेंडा. सुनेने उलट उत्तर दिलं म्हणावं तर त्यात उलट काही सापडेना. म्हाळसाआत्याच्या तोंडावर मात्र बारीक हसू आलं.

"बरं," ती म्हणाली. "मशिन खोटं न्हाय, सून खोटी न्हाय. आता तुमी दोगं सांगा. पट्टी कुनाची?"

"माजी!" दोघे एकदम म्हणाले. एकमत संपलं.

"आईका. ज्येची पट्टी, त्येनं काटी बरूबर धरली. मग तितली फवारनीबी त्येचीच. दुसऱ्याचा मका त्यात जळाला, तो त्येनं भरून द्यायचा. आता बोला."

आप्पा सावधपणे म्हणाले, "बांधापतुर माजी. पल्याड त्येची."

"व्हय व्हय," तात्या म्हणाले. "तसंच. बांधापतुर."

"आस्सं? मग काटी घिऊन बांधाच्या पल्याड कशाला गेला हुता? हवा खायाला?"

वीस वर्षं ज्या वावभर रानासाठी डोकी फुटायची वेळ आली होती, ते रान आता दोघांच्याही गळ्यात धोंड्यासारखं अडकलं. माझं म्हणावं तर भावाचं पीक भरून द्या. अर्धं म्हणावं तर भावाच्या मक्यात चोरासारखे शिरलो हे कबूल करा. आप्पांनी घसा खाकरला.

"माजी न्हाय," ते म्हणाले.

"माजी बी न्हाय," तात्या म्हणाले. भावाने सोडलेली वस्तू आपण धरावी असे ते खुळे नव्हते.

"नक्की? मागनं फिरायचं न्हाय."

"न्हाय."

"न्हाय."

"मग माजी," म्हाळसाआत्या म्हणाली.

आधी कुणाला कळलंच नाही. मग बिरुदेव पुटपुटला, "आयत्या बिळावर नागोबा."

"बीळ माज्या बापाचंच हाय रं," आत्या म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "बा गेला तवा तुमी दोगांनी रान वाटून घेतलं. आक्काला इचारायचं कुनाच्या डोक्यात आलं न्हाय. मी बी म्हनलं, जाऊं दे, भाऊ सुकात राहूं देत. भाऊबिजंला लुगडं यायचं. निवाडा करायला बोलवायचा तुमी मला, आन मी देवाला काळजी म्हनून परत जायाची. रातचं झोप न्हाय लागायची. वाटायचं, माजं ज्येच्यात कायच न्हाय, त्येचा निवाडा मी कशी करू? आज तुमीच सोडली, मी उचलली."

पूनमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

"आक्का," तात्या चाचरत म्हणाले, "तू काय करनार त्या पट्टीचं?"

"मला काय करायचं? पोरींनी पळवावं त्यांचं पाखरू."

रुपालीने पिशवीतून टॅब पुन्हा काढला. सोमशेखरने पट्टीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि मान हलवली. "लांबी झकास आहे ओ आत्या. रुंदी थोडी कमी पडतेय. पंख मक्याला लागतील."

"मग परत चाला," आत्या भावांना म्हणाली. "आपापल्या हद्दीनं. माजी पट्टी सोडून. पाय माज्यात पडला तर बगा."

आधी आप्पांनी काठी घेतली. बांधाकडे ते पूर्वीसारखेच झपाझप निघाले, पण जळक्या पट्टीच्या अलीकडेच थांबले. सगळ्यांचे डोळे पाठीवर होते. आक्काच्या रानात पाऊल पडलं असं पुन्हा त्या टॅबवर उमटायला नको, म्हणून ते दोन पावलं मागे, आपल्याच हिरव्या मक्यात सरकले. मग जरा विचार करून आणखी एक. धाकट्यापेक्षा आपलं मन मोठं दिसायला हवं होतं.

काठी तात्यांकडे गेली. दादा किती आत सरकला हे त्यांनी नीट पाहून ठेवलं होतं. ते त्याहून आत सरकले.

"आता कसा!" आप्पा पलीकडून ओरडले. "तवा माज्या मक्यात शिरताना न्हाय सरकलास!"

"तू तर सरकतोयस तितं बी कनसं मोजून!"

"मग आनखी घेतो! काटी आन इकडं!"

आप्पा पुन्हा चालले. तात्या पुन्हा चालले. वीस वर्षं 'सरक तिकडं' म्हणून भांडलेली माणसं, कोण जास्त सरकतो यावरून एकमेकांची अक्कल काढत स्वतःचा उभा मका तुडवत होती. सोमशेखर म्हणाला, "बस बस काका, पुरे झालं ओ, दोन घारी पळतील." पण ऐकतो कोण?

टॅबवर निळी रेघ एका बाजूला गेली, तांबडी दुसऱ्या बाजूला, आणि मधे स्वच्छ मोकळा पट्टा उघडला. पूनमने तो आत्यासमोर धरला. शेताचं नाव टाका, असं त्यावर आलं होतं.

"ह्येला नाव द्यावं लागतं, आत्या. तुमचं टाकते. म्हाळसाबाई, फुडं काय लावू?"

"म्हाळसा येसाप्पा वाघमोडे."

पूनमचं बोट थांबलं. "आत्या, सासरचं आडनाव लावायचं न्हाय?"

"सासरचं रान हाय का ह्ये?" आत्या म्हणाली. "लिव बापाचं. आन मला वाचून दाव."